3 केव्हीए जनरेटरवर 2 एचपीचा कॉम्प्रेसर : हंगामाआधीच्या प्रकल्प नोंदी

28 सप्टेंबर

ऊसतोडीच्या हंगामात थेट फडावर जाऊन ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्यांची पंक्चरं काढणारी गाडी तयार करायची आहे. फडात लाइट नसते. शेतीपंपाची लाइन जवळ असली तरी ती पाळीनं येते. डिझेल इंजिनवरचा कॉम्प्रेसर घेतला असता तर हा खटाटोप लागला नसता. पण दुकानातला कॉम्प्रेसर हाताशी आहे, आणि जनरेटर असला की उजेड, ग्राइंडर, व्हल्कनायझिंगची प्रेस हेही चालतं.

सामानाच्या प्लेटा अशा. कॉम्प्रेसर: 2 एचपी, सिंगल फेज, 1440 आरपीएम, 230 व्होल्ट, 11.5 अँपिअर. दोन सिलिंडर, पट्ट्यावरचा, टाकी 160 लिटर. प्रेशर स्विच 90 पाउंड (पीएसआय) दाबाला चालू, 120 ला बंद. जनरेटर: पेट्रोलचा, दोरीनं ओढायचा, एव्हीआरवाला (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा), सतत 2.8 केव्हीए, कमाल 3.

230 गुणिले 11.5 म्हणजे 2.65 केव्हीए. कागदावर बसतं, आणि विकणारेही हेच गणित करून देतात. पण प्लेटवरचा करंट मोटर पूर्ण वेगानं फिरू लागल्यानंतरचा असतो. महावितरणच्या लाइनवर, इनरश (सुरू होतानाचा झटका) पकडायची सोय असलेला टाँगटेस्टर, म्हणजे वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, लावून, स्टार्टिंगचा करंट मोजला: 61 अँपिअर. म्हणजे 14 केव्हीए. साध्या टाँगटेस्टरवर हाच आकडा पंचवीस-तीस दिसतो, कारण काटा किंवा डिस्प्ले पोचेपर्यंत करंट उतरलेला असतो.

टाकी रिकामी ठेवून आणि भरून, दोन्ही वेळा मोजलं. पहिला झटका तेवढाच. थांबलेली मोटर तेवढं ओढतेच, तिच्यावर काही असो वा नसो. फरक पडतो तो झटका किती वेळ टिकतो यात. रिकाम्या टाकीवर सेकंदाच्या आत उतरला, 90 पाउंडांवर जवळजवळ दोन सेकंद राहिला. जनरेटर क्षणभराचा दणका सोसतो, रेंगाळलेला सोसत नाही. काम करायचं ते या वेळेवर.

1 ऑक्टोबर

पहिली चाचणी. जनरेटर पाच मिनिटं गरम केला, चोक पूर्ण आत. टाकीचा ड्रेन कॉक उघडा ठेवून मोटर चालू केली. इंजिन दबलं, व्होल्टेज 140 च्या आसपास आलं, पट्टा चिरकला, आणि तीन-एक सेकंदांत मोटरच्या आत ‘टक’ असा आवाज येऊन वेग धरला. हा टक ऐकायची सवय लावून घ्यावी. मोटर साधारण तीन-चतुर्थांश वेगाला पोचली की आतला सेंट्रिफ्युगल स्विच उघडून स्टार्टिंगचा कंडेन्सर बाजूला काढतो, त्याचा तो आवाज. टक झालं की जनरेटरचं संकट टळलं.

कॉक बंद केला. टाकी सात मिनिटांत 120 ला पोचली, स्विच पडला. हवा सोडत 90 वर आणली, स्विच पुन्हा लागला आणि मोटर नुसती गुणगुणत राहिली. टक नाही. व्होल्टेज 130 च्या खाली. जनरेटरचा ब्रेकर पडला. ब्रेकर उचलून पुन्हा दोनदा तेच केलं, आणि दुसऱ्या वेळी कंडेन्सरचं टोपण फुगून आतला द्रव बाहेर आला.

कारण सरळ आहे. मोटरचा स्टार्टिंगचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. 230 चे 140 झाले की जोर छत्तीस-सदतीस टक्क्यांवर येतो, आणि तेवढ्यात दाबाविरुद्ध पिस्टन उचलत नाही. मोटर फिरत नाही म्हणून टक होत नाही, टक होत नाही म्हणून काही सेकंदांसाठीच बनलेला कंडेन्सर लाइनवर राहून शिजतो. गुणगुण तीन सेकंदांपेक्षा जास्त चालली तर स्विच बंद करायचा, आणि कारण सापडल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. कंडेन्सर 180 रुपयांचा. पण जळालेला कंडेन्सर बदलून पुन्हा तेच केलं तर नंतर स्टार्टिंगचं वाइंडिंग जातं, आणि मग रिवाइंडिंगवाल्याचं बिल हजारांत येतं.

3 ऑक्टोबर

आजचा दिवस अनलोडरवर. प्रेशर स्विचमधून मोटर बंद झाली की हेड (पिस्टन असलेला भाग) आणि टाकीच्या मधल्या पाइपातली हवा ‘फुस्स’ करून दोन-तीन सेकंदांत सुटली पाहिजे. मग पुढच्या वेळी पिस्टन मोकळ्या हेडवर सुरू होतात. आपल्या कॉम्प्रेसरला फुस्स नव्हतंच. दुकानात महावितरणच्या लाइनवर तो ओढून घेत होता, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

क्रम असा:

टाकी पूर्ण रिकामी केली, गेज शून्यावर, ड्रेन उघडा. हे टाळून टाकीचा कुठलाही नट सैल करू नये. मग प्रेशर स्विचपासून नॉनरिटर्न व्हॉल्व्हपर्यंतची (हवा टाकीतून उलटी येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंतची) बारीक नळी काढली. 6 मिमीची प्लास्टिकची नळी गरम डिलिव्हरी पाइपाला टेकून चपटी झाली होती, आत कार्बनचा काळा गोळा. तिच्या जागी तांब्याची नळी, दोन्ही टोकांना नवे ऑलिव्ह (नळीवर आवळून बसणाऱ्या कड्या). नळी आणि फिटिंग 150 रुपये.

चालू करून पाहिलं तर आता फुस्स सुरू झालं ते थांबेचना. याचा अर्थ अनलोडर बरोबर आहे आणि नॉनरिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकीतली हवा उलटी येऊन तिथून जातेय. पुष्कळ जण इथे प्रेशर स्विच बदलतात आणि पैसे फुकट घालवतात. व्हॉल्व्ह उघडला. सीटवर कार्बनचा थर, रबराचा तुकडा कडक होऊन चिरलेला. नवा व्हॉल्व्ह 420 रुपये. बसवताना टेफ्लॉन टेप पहिल्या आट्यापासून एक आटा सोडून गुंडाळायची, नाहीतर तिचे धागे आत जाऊन सीटवर बसतात.

आता 120 ला बंद झाल्यावर फुस्स दोन सेकंद आणि पूर्ण शांतता. 90 पाउंडांवरचं स्टार्टिंग लाइनवर रिकाम्या टाकीइतकंच झटपट.

5 ऑक्टोबर

जनरेटरवर पुन्हा. 90 वर मोटर उचलते, पण कसंबसं. चारात एकदा ब्रेकर पडतो.

संशय वायरवर. धूर नको म्हणून जनरेटर लांब ठेवून 30 मीटरचं 1.5 स्क्वेअर मिमीचं एक्स्टेन्शन वापरत होतो. अशा वायरीचा जाऊन-येऊन 60 मीटरचा रोध 0.8 ओहम होतो. स्टार्टिंगला 50 अँपिअर धरले तरी 40 व्होल्ट वायरीतच गेले. जनरेटर आधीच दबलेला, त्यातून उरलेलं वायरीनं मधेच खाल्लं. शिवाय वायर ड्रमवर गुंडाळलेलीच होती. अर्ध्या तासात आतले वेढे हाताला चटका देत होते.

उपाय उलटा केला. वायर आखूड, हवेचा पाइप लांब. 4 स्क्वेअरची तीन कोर लवचिक वायर 5 मीटर, साधारण हजार रुपये. तेवढ्याच 50 अँपिअरला आता अडीच व्होल्ट पडतात. हवेचा पाइप 10 मिमीचा, 25 मीटर. पाइप लांब झाल्यानं टायरात हवा भरायला फार फरक पडत नाही. हातोडा-पान्यासारखी हवा खाणारी न्यूमॅटिक हत्यारं असती तर 12 मिमी घेतला असता.

जनरेटरचं 15 अँपिअरचं सॉकेटही बघितलं. पिना सैल, एका पिनेभोवती प्लास्टिक पिवळं पडलेलं. तिथे निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावला, 450 रुपये. वायरीला घातलेला खर्च सैल पिनेवर घालवण्यात अर्थ नाही.

9 ऑक्टोबर

तेल आणि पुली.

कॉम्प्रेसरमधून निघालेलं तेल गाडीच्या इंजिनाचं होतं. कॉम्प्रेसरचं व्हीजी 100 (जाडीचा नंबर) भरलं, एक लिटर 350 रुपये. इंजिन ऑइलमधल्या साफसफाईच्या रसायनांनी फेस होतो आणि व्हॉल्व्हवर कार्बन बसतो. 3 तारखेला निघालेला काळा गोळा बहुतेक त्याचाच.

मोटरची पुली 5 इंची होती, ती 4 इंची केली. पट्टे ए-52 चे ए-50 झाले, बाकीचं मोटरच्या सरकपट्टीवर जुळलं. खर्च 900. हेड आता पाचव्या हिश्शानं हळू फिरतं, तेवढाच मोटरवरचा भार कमी, आणि स्टार्टिंगला मोटरला फ्लायव्हील फिरवणं सोपं. टाकी भरायला सातऐवजी पावणेनऊ मिनिटं लागतात. पंक्चरच्या कामात हे चालतं. रंगाच्या गनला सतत हवा लागते, तिथे जाणवेल. पुली याहून लहान करायचा मोह आवरला. तेलाचा शिडकावा करणारं हेड फार हळू फिरवलं तर वरच्या भागाला तेल पोचत नाही. पट्टे जाड, बी सेक्शनचे असते तर 4 इंचही नको. बी पट्टा साधारण 5 इंचांखाली वाकवला की तापून लवकर तडकतो.

चालू करंट 11.2 वरून 9.4. स्टार्टिंगला व्होल्टेज 165 पर्यंतच उतरतं, टक सव्वा सेकंदात.

12 ऑक्टोबर

दिवसभर वापरून पाहिलं. दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळी व्हल्कनायझिंगची प्रेस आणि दोन दिवे लावले असताना कॉम्प्रेसर मधेच लागला आणि सगळं बसलं. जनरेटर एकदा दबला की बाकीची उपकरणंही त्याच खड्ड्यात जातात. प्रेस हीटरची, तिला काही होत नाही. एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरांचं मात्र आयुष्य कमी होतं.

एकानं सुचवलं म्हणून गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग आवळू पाहणाऱ्यांसाठी: करू नका. 3000 आरपीएम म्हणजे 50 हर्ट्झ. मोकळ्यावर 52 पर्यंत चालतं. त्यावर नेलं की लोड नसताना, विशेषतः कंडेन्सरवाल्या बिगर-एव्हीआर जनरेटरवर, व्होल्टेज भलतंच चढतं. तसला एक भाड्याचा सेटही लावून पाहिला. स्टार्टिंगलाच त्याचं व्होल्टेज पूर्ण कोसळलं आणि इंजिन मात्र मजेत फिरत राहिलं. मोटरच्या कामाला तो नको. बॅगेसारखे दिसणारे इन्व्हर्टर जनरेटरही नकोत. त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स जास्तीचा करंट दिसताच सप्लाय तोडतं.

आता तीन वाटा. मोठा जनरेटर: 2 एचपीला थेट सुरू करायचं तर 5 केव्हीए किमान, निर्धास्त राहायचं तर 7.5. पैसा, वजन, पेट्रोल तिन्ही वाढतात. दुसरी, थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरला हळूहळू वेगावर नेणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र). तिसरी, मोटर दिवसभरात कमीत कमी वेळा सुरू करणं.

15 ऑक्टोबर

व्हीएफडी उसनी आणून पाहिली. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, 230 व्होल्ट. 2 एचपीची थ्री फेज मोटर आपल्याकडे बहुधा 415 व्होल्टला, ‘स्टार’ जोडणी केलेली येते. सहाही टोकं टर्मिनल बॉक्समध्ये असतील तर जोडणी बदलून ‘डेल्टा’ करून 230-240 वर चालते. तीनच टोकं असतील तर ती मोटर घेऊ नये. प्रेशर स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधे घालायचा नाही. त्याचे संपर्क व्हीएफडीच्या रन टर्मिनलला जोडायचे. मधे घालून चालू असताना तोडलं तर व्हीएफडीचं आउटपुट उडतं.

वेग धरायला सहा सेकंद दिले. जनरेटरला कळलंही नाही, इतकं मऊ स्टार्टिंग. 120 पाउंडांजवळ इनपुट 10.6 अँपिअर, म्हणजे सिंगल फेज मोटरपेक्षा कमी नाही. व्हीएफडी तुटक तुटक करंट ओढते, त्यामुळे ट्रू आरएमएस नसलेला, म्हणजे सरळ लहरीचाच करंट बरोबर मोजणारा मीटर इथे कमी आकडा दाखवून फसवतो.

काम उत्तम. पण मोटर आणि व्हीएफडी मिळून 18 हजारांचा हिशेब, आणि व्हीएफडीच्या पंख्यातून फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा आत जाणार. बंद पेटीत ठेवली तर तापते. कारखान्यात किंवा छपराखाली कायमचं बसवायचं असतं तर हीच घेतली असती. गाडीवर नको.

18 ऑक्टोबर

पायलट अनलोडर व्हॉल्व्ह बसवला. इंजिनवरच्या कॉम्प्रेसरला असतो तोच. टाकी 120 ला पोचली की मोटर बंद होत नाही. पायलट हेडची हवा बाहेर सोडतो, मोटर मोकळी फिरत राहते. 95 ला पायलट मिटतो आणि हवा पुन्हा टाकीत जाऊ लागते. मोटर एकदाच सुरू करायची, तीही पायलटची कळ उभी करून, म्हणजे हेड पूर्ण मोकळं. टक झालं, पाच सेकंद थांबलं, की कळ आडवी.

जोडणी: पायलटचा मुख्य भाग हेडकडून येणाऱ्या पाइपात, नॉनरिटर्न व्हॉल्व्हच्या अलीकडे. दाब ओळखणारी बारीक नळी मात्र टाकीवरून. ती चुकून हेडच्या बाजूला जोडली तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्यागणिक पायलट तडतडतो. पहिल्या जोडणीत हेच झालं आणि दुपार त्यात गेली. आटे जुळतात म्हणून फिटर तिथेच जोडून मोकळा होतो. पायलट 1,650, टी आणि निपल 600, हवा सुटते तिथे सायलेन्सर 120. सायलेन्सर नसेल तर तेलाचा फवारा थेट अंगावर येतो.

जुना प्रेशर स्विच काढला नाही. तो 130 वर लावून मागचा पहारेकरी केला. पायलट अडकलाच तर तो मोटर तोडेल. सेफ्टी व्हॉल्व्ह 140 ला. टाकीच्या प्लेटवर कमाल दाब 10 किलो, म्हणजे सुमारे 142 पाउंड. टाकीची प्लेट वाचता येत नसेल तर यातलं काहीही वर चढवू नये.

मोकळी फिरताना मोटर 6 अँपिअर घेते, पण त्यात खरी शक्ती थोडी, त्यामुळे इंजिनवर ताण नाही. प्रेस आणि दिवे लावून टाकी दोनदा भरली-रिकामी केली. दिवे मिणमिणलेसुद्धा नाहीत.

21 ऑक्टोबर

अर्थिंग. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं.

पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल बहुधा बॉडीला जोडलेला नसतो. अशा सेटवर आरसीसीबी (करंट गळू लागला की सप्लाय तोडणारी) लावली की तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते आणि सगळे खूश होतात. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये थोडा करंट चोरतं, त्याला अर्थिंग लागतच नाही. बॉडीत खरोखर लाइट आली तर हीच आरसीसीबी ढिम्म बसून राहते. न्यूट्रल बॉडीला जोडला, बॉडी जमिनीत ठोकलेल्या जीआयच्या रॉडला, आणि पुढे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. पाट फुटलेल्या रानात, चिखलात उभं राहून काम करायचं आहे. हा सेट घराच्या वायरिंगला कधीही जोडायचा नाही, हे सॉकेटशेजारी रंगानं लिहून ठेवलं.

जनरेटर गाडीच्या मागच्या टोकाला, धुराचं तोंड बाहेर. ताडपत्री पूर्ण ओढून चालवू नये, धूर आतच कोंडतो.

4 नोव्हेंबर

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, कामाला सुरुवात.

फडाच्या कडेला गाडी तिरकी उभी राहिली आणि जनरेटर दहा मिनिटांनी आपोआप बंद. पेट्रोल आहे, ठिणगी नाही. तेल कमी झाल्यावर इंजिन थांबवणारा सेन्सर असतो, तो उतारावर फसतो. तेल पूर्ण खुणेपर्यंत भरलं आणि जनरेटरच्या खाली एका बाजूला लाकडी पाचर दिली. त्यानंतर बंद पडला नाही.

जनरेटर खाली उतरवून चालवायचा झाला तर आधी पाचट खोऱ्यानं ओढून माती उघडी करावी. सायलेन्सर लाल होत नसला तरी वाळलेलं पाचट पेटवण्याइतका तापतो. गाडीवर अग्निशामक सिलिंडर, आणि पेट्रोलचा डबा जनरेटरपासून दूरच्या कोपऱ्यात. चालू इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, टोळीतले कितीही घाई करोत.

तासाला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. दोन पंक्चरांत अंतर असेल तर सेट बंदच करतो. पुन्हा सुरू करताना कळ उभी, मोटर, टक, कळ आडवी.

19 नोव्हेंबर

सकाळी पायलट अडकला. टाकी 130 ला गेली आणि प्रेशर स्विचनं मोटर तोडली, म्हणजे पहारेकरी कामाला आला. पायलट उघडला तर आतल्या पितळी पिस्टनवर पाण्याचा आणि गंजाचा चिकट लेप. टाकीत पाणी साठतं, आणि दाबाची बारीक नळी टाकीच्या बुडाजवळून घेतली होती. ती आता टाकीच्या माथ्यावरून घेतली, वर एक वेटोळं देऊन. पिस्टन रॉकेलनं पुसून, कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट लावून बसवला. ग्रीस लावलं तर धूळ धरून पुन्हा अडकेल.

ड्रेन कॉक आता रोज काम संपल्यावर, टाकीत 20-30 पाउंड हवा असतानाच उघडायचा. पूर्ण रिकाम्या टाकीतून पाणी नुसतं ठिबकतं, गंज आतच राहतो. आज वाटीभर लालसर पाणी निघालं.